मधोमधचा करंज

बुधवारी सकाळी कचेरीत शिरलो आणि पाहिलं तर भिंतीवर माझं चित्र नव्हतं. तीन वर्षं ते जिथं टांगलेलं होतं तिथं एक फिकट चौकोन उरला होता. बाकीची भिंत धुरानं काळवंडली होती आणि चित्रामागची तेवढी कोरी राहिली होती. वर नुसता खिळा. मी डोक्यावरची टोपी काढली ती हातातच राहिली. तसं म्हटलं तर त्या चित्राकडे कुणी बघत नसे. येणारेजाणारे त्याच्याखालच्या बाकावर बसून जोडे झटकत, हजेरीवाला त्याच्या चौकटीत पेन्सिल खोचून ठेवी. मीही समोर उभा राहून कधी बघत नसे. आत येताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा बघायचं, आहे जागेवर असं म्हणायचं आणि पुढं व्हायचं. पण मी या कंपनीत ट्रेसर आहे. दुसऱ्यांनी काढलेल्या आकृत्यांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि त्याच आकृत्या शाईनं पुन्हा काढायच्या, हे माझं काम. दिवसाकाठी हजार रेघा माझ्या हातून जातात आणि त्यांतली एकही माझी नसते. ते चित्र तेवढं माझं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती, 'ज्योतीराम, १९५५'. सही जरा मोठीच झाली होती, हे मला कबूल आहे.

खिडकीतून बघितलं तर चित्र बाहेर उन्हात उभं होतं. आमच्या फाउंड्रीतला गेनबा ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, न्हाव्यानं गिऱ्हाइकापुढं आरसा धरावा तसा. त्याच्यापुढं मोठे साहेब एक डोळा मिटून, हात लांब करून, हातातल्या पट्टीनं पश्चिमेकडचा डोंगर मोजत होते. गेनबाची आई कुशाबाई थोडी बाजूला, जमिनीवर बसलेली. मी बाहेर गेलो. साहेब म्हणाले, "अहो ज्योतीराम, बरं झालं आलात. हे चित्र काढताना तुम्ही नेमके कुठं बसला होता?" मग त्यांनीच सगळं सांगितलं. कंपनी उभी आहे ती जमीन गेनबाच्या घराण्याची. त्यांच्या शेतात एक करंज होता आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेले पाच दगड, म्हणजे सटवाई. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री येऊन त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते ती. या घरातल्या प्रत्येक मुलाचं जावळ, पहिले केस, तिच्यासमोर उतरवायचे अशी रीत. छप्पन साली जमीन सपाट केली तेव्हा एका दुपारात बुलडोझरनं झाड, दगड, बांध, विहीर सगळं एका लेखी केलं. आता गेनबाच्या मुलाला वर्ष झालं होतं आणि कुशाबाई म्हणत होती, जावळ उतरवीन तर सटवाईपुढं, न्हाईतर राहू दे. साहेब माणूस वाईट नव्हता. जागा मोकळी असेल तर चौथरा बांधून देतो, म्हणाला, पण जागा दाखवा. ती दाखवायची कशावरून? खुणेला काहीच उरलं नव्हतं. मग साहेबांना माझं चित्र आठवलं. "पुराव्याला पुरावा आहे आपल्याकडे," ते म्हणाले आणि चित्राच्या काचेवर बोटानं टकटक केलं.

मी बसलो होतो ती जागा मला पक्की ठाऊक होती, कारण ती अजून होती. ओढ्यावरच्या मोरीचा कठडा. त्याला लागून मी स्टूल टाकलं होतं. मी तिथं जाऊन उभा राहिलो, गेनबानं चित्र माझ्या शेजारी धरलं आणि साहेबांनी चित्रातून डोंगराकडं आणि डोंगराकडून चित्रात अशा दोनचार खेपा केल्या. चित्रात करंज घोरवडेश्वराच्या डोंगराच्या उजव्या खांद्याखाली होता. साहेबांनी तिकडं हात केला. त्या हाताच्या रोखानं फाटकाजवळचा मोकळा पट्टा होता. "अरे वा," साहेब म्हणाले, "इथं तर आपण बागच करणार आहोत. काही अडचण नाही. झाड इथंच होतं ना, ज्योतीराम?"

झाड तिथं नव्हतं. करंज मधोमध होता, डोंगराच्या खिंडीच्या बरोबर खाली, आणि आता त्या जागी मशीन शॉप, म्हणजे यंत्रांची मोठी शेड, होतं. सटवाईच्या जागेवर कोणतं मशीन आहे हेही मी सांगू शकलो असतो, कारण त्या शॉपचा नकाशा माझ्याच हातून शाईत आला होता. करंज मी हलवला होता. त्याच्या बुडाचे दगडही मीच गाळले होते, कारण ते नीट दिसेनात. मी म्हणालो, "चित्रात आहे तसं आहे, साहेब." हे वाक्य खोटं नाही आणि तेच त्याचं वाईट आहे. कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग ती उठली, चित्रापाशी आली, काचेवर धूळ बसली होती ती तिनं पदरानं पुसली आणि पुन्हा जाऊन बसली. साहेबांनी चुन्याची फक्की मागवली आणि बागेच्या पट्ट्यात एक चौकोन आखून घेतला. येत्या रविवारी जावळ, असं ठरलं.

मग मी टेबलाशी येऊन बसलो आणि दिवसभर कुठल्याशा पंपाच्या झाकणाची आकृती काढत राहिलो. हाताचं काम हाताला ठाऊक असलं की डोकं उनाड होतं. झाड का हलवलं, याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं, ते दौलतराव मास्तरांचं होतं. करमाळ्याच्या शाळेत ते आम्हाला ड्रॉइंग शिकवीत. "मधोमध उभा राहतो तो पोलीस," ते म्हणत. "झाडानं जरा बाजूला उभं राहावं." कागदाचे तीन भाग करायचे आणि जे महत्त्वाचं असेल ते तिसऱ्या भागाच्या रेघेवर आणायचं. खऱ्या जागी झाड मध्ये असेल तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "झाडाला पाय नसतात, ज्योतीराम. पण आपल्याला हात असतात." वर्ग हसला. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या हातात जाऊन बसलं. तेव्हा आम्ही सगळे परीक्षेला एकच निसर्गचित्र काढायचो, दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाची दोन झाडं. करमाळ्यात डोंगर नाहीत. नारळ मी पहिल्यांदा झाडावर बघितला तो लग्नानंतर. आमच्या नदीला आठ महिने पाणी नसे. तरी एकाही मुलाला कधी वाटलं नाही की आपण खोटं काढतो आहोत. निसर्ग म्हणजे तेच, बाहेर दिसतं ते आपलं नुसतं करमाळं.

मास्तरांकडं एक जुनं जाडजूड पुस्तक होतं, मुखपृष्ठ नसलेलं, वाळवीनं एका कडेनं खाल्लेलं. निसर्गचित्रं जगात कशी आली, त्याची हकिकत त्यात होती. मास्तर शनिवारी दुपारी ती आम्हाला सांगत, म्हणजे मलाच, कारण बाकीचे पळालेले असत. ते सांगण्याची त्यांची तऱ्हा अशी की जणू सगळे चित्रकार त्यांच्या भावकीतले. आधी नुसते देव असत, ते म्हणत. देव, राजे आणि संत. डोंगर मागं उभे करायचे, लग्नात गड्यांना उभं करतात तसे. आपल्या जुन्या लेण्यांत बघ, डोंगर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पेट्या, कारण डोंगराकडं बघायला कुणाला सवड होती? युरोपात तर खूप दिवस नुसती एक खिडकी असायची, पुढं देवाची आई बसलेली आणि तिच्या खांद्यावरून खिडकीतून दिसणारी बोटभर नदी. ती बोटभर नदी काढताना कुणाला तरी मजा आली. पुढच्यानं खिडकी मोठी केली. मग संत लहान झाला, मग तो कोपऱ्यातल्या झाडाखाली जाऊन बसला, मग इतका लहान झाला की शोधावा लागे, आणि चारशे वर्षांपूर्वी एका रानात राहणाऱ्या चित्रकारानं रान काढलं आणि संत काढलाच नाही. "त्या दिवशी संताला सुट्टी मिळाली," मास्तर म्हणत आणि स्वतःच खूष होत. चीनमध्ये हे कितीतरी आधी झालं होतं. तिथं डोंगर कागदभर आणि माणूस तांदळाएवढा. तिथल्या एका म्हाताऱ्याचे पाय चालेनात तेव्हा त्यानं आयुष्यात हिंडलेले सगळे डोंगर घराच्या भिंतींवर काढले आणि बिछान्यावर पडल्या पडल्या तो त्यांत हिंडायला जाई. हॉलंडात डोंगरच नाहीत, मग त्यांनी जमीन खाली दाबली आणि वर नुसतं आभाळ काढलं. तरी त्यांतल्या काहींना राहवेना, ते सपाट गावामागं न बघितलेले कडे काढून मोकळे होत. मला ते ऐकताना करमाळ्याच्या नारळांची आठवण होई आणि बरं वाटे. आम्ही एकटेच नव्हतो.

या हकिकतीत मला सगळ्यांत नवल वाटे ते विलायती हौशी लोकांचं. ते देखावा बघायला लांब लांब जात, आणि चांगला देखावा आला की त्याच्याकडं पाठ करून उभे राहत. खिशातून काळसर काचेचा लहानसा आरसा काढायचा आणि पाठीमागचा देखावा त्यात बघायचा. आरशात तो म्हणे आटोपशीर दिसे, रंग मऊ होत, चित्रासारखा दिसे. मी मास्तरांना विचारलं होतं, आरशात त्यांचं स्वतःचं तोंड येत नसेल का? मास्तरांनी पुस्तक चाळलं. त्यात काही नव्हतं. ते म्हणाले, "येत असणार. पण त्याकडं लक्ष द्यायचं नाही असा त्यांच्यात रिवाज असेल." पुढं रंग कथलाच्या नळीत मिळू लागले आणि चित्रकार घराबाहेर पडले. आणि आपल्याकडं गोऱ्या पलटणीतले लोक आले, त्यांना चित्र काढायला शिकवत ते तोफ कुठं लावायची ते कळावं म्हणून. डोंगर, खिंड, नदीचा उतार. नकाशा आणि निसर्गचित्र एकाच शाळेतले. मोजणीदार आणि चित्रकार सख्खे भाऊ, मास्तर म्हणत, एक झाडाला हात लावत नाही आणि दुसऱ्याला हात लावल्याशिवाय राहवत नाही. मी पोटासाठी एक भाऊ झालो आणि हौसेसाठी दुसरा. हे चित्र काढलं त्या पंचावन्न सालच्या चार दिवसांत ते दोघं माझ्यात एकदाही भांडले नाहीत, याचंच मला आता नवल वाटत होतं.

ते चार दिवस मी पुन्हा पुन्हा आठवू लागलो. साहेबांनी मुद्दाम सांगितलं होतं, जमीन सपाट होण्याआधी एक देखावा काढून ठेवा, कचेरीत लावू. मी दापोडीहून सायकलवर रंगांची पेटी बांधून यायचो. ज्वारी काढून झाली होती, धसकटं उभी होती. करंजाची पानं उन्हात इतकी चकचकीत की हिरवा रंग सापडेना. समोर डोंगर, निळसर, त्याच्यामागं आणखी फिकट डोंगर. माझ्या पाठीमागून कायम काहीतरी ऐकू यायचं. जात्याची घरघर, कोंबड्या, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. शेणीचा धूर यायचा आणि डोळे चुरचुरायचे. दुपारी एक हात मागून पुढं यायचा आणि स्टुलाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. मी "बरं झालं, मावशी" म्हणायचो आणि मान न वळवता पाणी प्यायचो, कारण ऊन सरकत होतं. चित्रात मी माणूस काढला नाही. बांधावरून जाणारी बाई, गुरं, काही नाही. त्याचा मला अभिमान होता. संताला सुट्टी. करमाळ्याच्या झोपडीपासून मी इतका पुढं आलो की चित्रात नुसती जमीन, झाड आणि उजेड. मास्तर असते तर पाठीवर हात ठेवला असता.

गुरुवारी जेवताना मी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाकरी थापताथापता ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "झाड हलवता येतं, देवी हलवता येते, दापोडीतली ही खोली तेवढी हलत नाही तुमच्यानं." मी म्हटलं, थट्टा नको, सांग काय करू. ती म्हणाली, "खरं सांगितलं तर काय होईल?" खरं सांगितलं तर साहेब म्हणतील, मशीन शॉपमध्ये चौथरा बांधता येत नाही, आणि तिथं विषय संपेल. कुशाबाईला काहीच मिळणार नाही. गप्प राहिलो तर एका पोराचे पहिले केस अशा जागेवर पडतील जिथं देवी कधी बसलीच नव्हती, आणि ती जागा माझ्या तिसऱ्या भागाच्या रेघेनं ठरलेली असेल. पुढं त्या पोराला शिंक आली तरी मला त्याचा दोष माझ्या ब्रशात दिसेल. शिवाय आणखी एक होतं, ते मी शालनला सांगितलं नाही. खरं सांगितलं की ते चित्र पुन्हा खिळ्यावर चढलं तरी माझं राहणार नव्हतं. साहेबांनी त्याला पुरावा म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या रेघेवर विसंबून जमिनीवर चुना टाकला होता. शालननं भाकरी तव्यावर टाकली. "त्या बाईलाच विचारा," ती म्हणाली. "देवी तिची आहे, तुमची नाही."

शुक्रवारी बागेच्या पट्ट्यात विटा पडल्या. मी खिडकीतून बघत होतो. गवंड्यानं चुन्याच्या चौकोनात पाया खणायला घेतला आणि मला वाटलं, आता खाली करंजाचं मूळ लागणार नाही आणि कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कुतूहल हेच की हे नेहमी असंच झालं असेल का. त्या चिनी म्हाताऱ्यानं भिंतीवर डोंगर काढताना एखादं देऊळ इकडचं तिकडं केलंच असेल. हॉलंडातल्या त्या गावात कुणी शेतकरी चित्रापुढं उभा राहून म्हणाला असेल का, की अहो, आमच्यामागं कडा नाही? पुस्तकात चित्रकार काय म्हणाले ते असे, ज्यांची झाडं हलली ते काय म्हणाले ते कुठंच नव्हतं. इतक्या शतकांत एखादी तरी कुशाबाई आली असणार.

शनिवारी दुपारी सुटी झाल्यावर मी सायकल पुनावळ्याकडं घेतली. जमीन गेल्यावर गेनबानं सासुरवाडीच्या आधारानं तिथं घर बांधलं होतं. पवनेच्या पलीकडं गेलो तेव्हा उन्हं अजून वर होती. गेनबा दुसऱ्या शिफ्टला गेलेला. कुशाबाई ओट्यावर बसून हरभरे निवडत होती आणि नातू शेजारी सुपातले दाणे तोंडात घालायच्या खटपटीत होता. त्याचे केस मानेपर्यंत वाढून कुरळे झाले होते. तिनं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. तांब्या तोच होता की काय कुणास ठाऊक, पण मी या वेळी मान वर करून तिच्याकडं बघत पाणी प्यालो. मग म्हटलं, "मावशी, मला सांगायचं आहे. चित्रातलं झाड खऱ्या जागी नाही. मी ते हलवलंय. करंज मधोमध होता. तिथं आता मशीन शॉप आहे."

कुशाबाईनं सुपातला एक खडा काढून टाकला. "म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "चाळीस वर्सं त्या झाडाखाली भाकर खाल्ली म्या. झाड कुटं व्हतं ह्ये मला चित्रात बगून कळायचं व्हय?"

मी तांब्या खाली ठेवला. "मग बुधवारी साहेबांना बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? मशिनीखाली बसवू देवीला? तितं तिला केस दिसतील का आरडावरडा ऐकू यील?" तिनं नातवाच्या मुठीतले दाणे सोडवून घेतले. "आन् तुला वाटतं का ती जल्मापासनं करंजाखाली व्हती? माज्या सासूच्या वक्ताला ती वढ्याकाठी व्हती. पूर आला तवा सासूनं वटीत घालून करंजाखाली आणली. त्याच्या आदी कुटं व्हती ते सासूला बी ठावं न्हाई. कुनीतरी उचलावंच लागतं तिला. सासूनं पान्यापासनं उचलली, तू मशिनीपासनं उचललीस. तुला ठावं नव्हतं, येवढंच."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीन दिवस जे छातीवर बसलं होतं ते उठलं. तीन भागांचा नियम, परीक्षेचे नारळ, न बघितलेले कडे, या सगळ्यांना कुणीतरी एका ओट्यावर बसून मोकळं केलं होतं आणि मास्तरांना ते कळवायची सोय नव्हती, कारण ते वारून चार वर्षं झाली. मी उठायला लागलो तेव्हा कुशाबाई म्हणाली, "झाड हालिवलंस त्येचं काय न्हाई. पर येक इचारते. घर का न्हाई काढलंस?"

"कुठलं घर?"

"आमचं. वस्ती. चार घरं, गोठा, चुलीपुडचा मांडव. काच पुसताना समदं चित्र धुंडाळलं म्या. न्हाईच."

"तुमची वस्ती माझ्या पाठीमागं होती, मावशी. मी डोंगराकडं तोंड करून बसलो होतो."

"मंग मान वळवायची की," कुशाबाई म्हणाली. "चार दिस म्या तुज्या म्हागं हुबी व्हते. तू डोंगर काढत व्हतास. डोंगर काय, त्यो हाय अजून."

तिनं हे रागानं म्हटलं नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हटलं. मी सायकलवर बसलो आणि पवनेपर्यंत आलो तरी तेच डोक्यात. संत लहान होत गेला, कोपऱ्यात गेला, मग चित्रातून निघून गेला, इथपर्यंतची हकिकत मला तोंडपाठ होती. तो निघून कुठं गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. तो चित्रकाराच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला होता, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ते आरसेवाले विलायती हौशी तरी बरे, त्यांना निदान पाठीमागचं दिसत होतं. माझ्या पाठीमागं चार घरं होती, जातं होतं, कोंबड्या होत्या, त्यांचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता, आणि आज त्यांतलं काहीही जगाच्या पाठीवर नाही, चित्रातही नाही. आणि जे काढलं तो डोंगर अजून तिथंच आहे, त्याला माझी काही गरज नव्हती.

रविवारी सकाळी कंपनी बंद होती, फाटक तेवढं उघडं. चौथऱ्यावर ओढ्यातून आणलेले पाच नवे दगड मांडले होते आणि त्यांवरचा शेंदूर अजून ओला होता. साहेब आले नव्हते, त्यांनी नारळ पाठवला होता. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्यानं पोराचे केस उतरवले, पोरानं सगळा पट्टा डोक्यावर घेतला. कुशाबाई दगडांकडं बघून म्हणाली, "बग गं, हितं हाईस तू आता." बाया हसल्या, नैवेद्य दाखवला, पुरणपोळी सगळ्यांना मिळाली, मलाही. मग मंडळी सावलीला बसली आणि मी सायकलला बांधून आणलेलं स्टूल सोडलं. मोरीच्या कठड्याशी ते ठेवलं आणि डोंगराकडं पाठ करून बसलो.

समोर काहीच नव्हतं. सायकलींचा लांबलचक पत्र्याचा मांडव, त्याच्यापलीकडं फाउंड्रीतून निघालेल्या राखेचा ढीग आणि मोकळी सपाट जमीन. मी मांडीवर फळी घेतली, कागद लावला. कुशाबाई नातवाला कडेवर घेऊन आली. सवयीनं माझ्या मागं जाऊन उभी राहायला लागली तेव्हा मी म्हटलं, "मागं नको, मावशी. इथं बसा, शेजारी." ती कठड्यावर बसली. पोराचं गुळगुळीत डोकं उन्हात चमकत होतं. तिनं हातानं दाखवायला सुरुवात केली. हितं आमचं घर, तोंड उगवतीला. हितं दिराचं, त्येचं कुडाचं व्हतं, पुडं भित घातली. ह्या तितं चूल, पावसाळा सोडून समदा सैपाक भाईर. जातं हितं उंबऱ्याशी. मी ती बोट करील तिथं रेघ ओढत गेलो. राखेच्या ढिगावर घर उभं राहिलं, सायकलींच्या मांडवात चूल पेटली. तीन भागांची रेघ मी आखलीच नव्हती. आज कशालाही हात लावायचा नाही, जे जिथं होतं ते तिथं, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं. मोजणीदार भाऊ या वेळी जिंकला, असं मला वाटलंदेखील.

"आन् गोठा," कुशाबाई म्हणाली. तिनं घराच्या अगदी दाराशी बोट केलं. मी गोठा काढला, दावणीला दोन बैल बांधले. तिनं फळीकडं वाकून बघितलं. मग म्हणाली, "त्यो गोठा पल्याड घी जरा. वढ्याच्या अंगाला."

"पलीकडं होता का?"

"न्हाई. व्हता दारातच. पर म्या लगीन हून आल्यापासनं म्हनत व्हते, दारात वास येतो, माशा येत्यात, गोठा पल्याड न्या. सासऱ्यानं आयकलं न्हाई, मालकानं बी आयकलं न्हाई, गेनबा म्हनला फुडल्या साली बगू." तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तू घी पल्याड."

मी खिशातून रबर काढलं, दारातला गोठा पुसला आणि ओढ्याच्या अंगाला नेऊन बांधला.